स्कुबाची टाकी जगाला देणाऱ्या जॅक कुस्तोला समुद्राच्या तळाशी मोटारसायकलींनी भरलेलं जहाज सापडलं होतं

मालवण-तारकर्ली करून आलेल्या प्रत्येक ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ हमखास असतो. पाठीवर टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आजूबाजूला पट्टेरी मासे आणि मधोमध आपला मित्र कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवतोय.

(जाता जाता सांगून ठेवतो. पाण्याखाली अंगठा वर करायचा अर्थ "मस्त चाललंय" असा नसतो, "मला वर जायचंय" असा असतो. मस्त चाललं असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.)

याच सिंधुदुर्गात निवतीजवळ एक अख्खी युद्धनौका मुद्दाम बुडवायची योजना आखली गेली. नाव 'आयएनएस गुलदार'. जानेवारी २०२४ मध्ये ती नौदलातून निवृत्त झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आली. तिच्यावर प्रवाळ वाढावं, मासे राहायला यावेत आणि लोकांनी खाली जाऊन ते पाहावं, असा हा बेत.

पण बुडालेलं जहाज ही बघायला जायची गोष्ट आहे, हे लोकांना कळलं कधी? एकेकाळी जहाज बुडालं की विषय संपायचा. माल वर काढायचा असेल तर तांब्याचं शिरस्त्राण आणि शिशाचे बूट घातलेला पाणबुड्या उतरायचा. वरून हवेची नळी सोडलेली असायची आणि ती पुरेल तेवढंच त्याला हलता यायचं.

ती नळी कापणारा माणूस म्हणजे जॅक-इव्ह कुस्तो. लाल टोपीवाला, काटकुळा, लांब नाकाचा फ्रेंच म्हातारा अशी त्याची प्रतिमा जगाच्या डोक्यात आहे. गोष्ट मात्र त्याच्या ऐन पंचविशीत, एका मोडलेल्या गाडीपासून सुरू होते.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समधल्या सेंट-आंद्रे-द-क्युब्झाक या गावचा. वडिलांच्या नोकरीमुळे पोरगं फिरत राहिलं, काही काळ अमेरिकेतही राहिलं. शाळेत लक्ष नाही. एकदा खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून शाळेतून काढून टाकलेलं. वेड दोनच, यंत्रं उघडून बघायची आणि सिनेमाचा कॅमेरा फिरवायचा. १९३० मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. डोक्यात होतं विमान. नौदलाचा वैमानिक व्हायचं आणि आकाशात उडायचं.

१९३६ मध्ये वडिलांची स्पोर्ट्स कार घेऊन तो रात्री एका लग्नाला निघाला. घाटात दिवे गेले, गाडी उलटली. दोन्ही हात मोडले. हात कसेबसे वाचले, पण विमान कायमचं सुटलं.

हातात ताकद यावी म्हणून तो तुलाँ बंदराजवळच्या समुद्रात पोहू लागला. तिथे त्याचा नौदलातला मित्र फिलिप ताये यानं त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. कुस्तोनं डोकं पाण्याखाली घातलं. वर रस्त्यावर माणसं, ट्रॉली, विजेचे खांब. खाली वनस्पतींचं रान आणि त्यात फिरणारे मासे. आयुष्याची दिशा बदलायला तेवढं पुरलं.

अडचण एकच होती, श्वास. दम धरून माणूस खाली राहणार किती? मिनीट, दीड मिनीट. कुस्तोनं शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं उपकरण करून पाहिलं. १९३९ मध्ये दोनदा त्याला पाण्याखाली झटके आले आणि दोन्ही वेळा तो मरता मरता वाचला. शुद्ध ऑक्सिजन थोड्या खोलीवरच विषारी ठरतो, हे त्यानं स्वतःच्या अंगावर शिकून घेतलं. पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरायचा प्रयोगही आधी झाला होता. इव्ह ल प्रियूर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं तो केला होता. पण त्यात हवा सतत वाहत राहायची, श्वास घ्या वा न घ्या, आणि टाकी बघता बघता संपायची.

मग युद्ध आलं. फ्रान्स हरला, अर्ध्या देशात जर्मन बसले. २७ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन तुलाँ बंदरात घुसले, तेव्हा जहाजं त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून फ्रेंच नौदलानं आपला ताफा स्वतःच बुडवला. सत्तरहून जास्त नौका. कुस्तो ज्या नौदलात नोकरीला होता त्याची जहाजंच तळाला गेली.

पुढच्याच महिन्यात तो पॅरिसला एका इंजिनिअरला भेटला.

या इंजिनिअरचं नाव एमिल गान्याँ. तो 'एर लिकीद' या गॅसच्या कंपनीत कामाला होता. कुस्तोची बायको सिमोन हिच्या घरच्यांचे या कंपनीशी संबंध होते, त्यातून ही ओळख झाली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून गाड्या गॅसवर चालवायच्या, आणि त्यासाठी गान्याँनं एक झडप तयार केली होती. इंजिन जेवढा गॅस ओढेल तेवढाच सोडायचा, एवढंच तिचं काम. आपल्या घरच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरची भावंडच म्हणा ना. कुस्तोला नेमकं हेच हवं होतं, फक्त इंजिनाच्या जागी माणसाची छाती.

हे एवढं महत्त्वाचं का? पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर छातीवर दुप्पट दाब, वीसवर तिप्पट. त्या खोलीवर साध्या नळीतून वरची हवा ओढायला गेलात तर छाती फुगणारच नाही. हवा त्या खोलीच्याच दाबानं मिळायला हवी आणि मागाल तेव्हाच मिळायला हवी. गान्याँची झडप दोन्ही करत होती.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीत, कडाक्याच्या थंडीत चाचणी झाली. कुस्तो आडवा पोहला की झकास. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जायची. डोकं खाली केलं की श्वासच ओढता येईना. दोघं वैतागून परत निघाले आणि वाटेत उत्तर सापडलं. सोडलेला श्वास बाहेर जायचं तोंड एका उंचीवर होतं, हवा आत यायची झडप दुसऱ्या. मधल्या वीतभर पाण्याच्या दाबाचा फरक सगळा घोटाळा करत होता. दोन्ही शेजारी शेजारी आणली आणि प्रश्न मिटला. आज मालवणात भाड्यानं मिळणाऱ्या सेटचा मूळ पुरुष तो. नाव पडलं 'ॲक्वा-लंग'.

जून १९४३. भूमध्य समुद्राकाठी बांदोलजवळचा एक आडबाजूचा किनारा. कुस्तो खाली उतरला, सिमोन वर पोहत त्याच्यावर नजर ठेवून होती आणि तिसरा मित्र फ्रेदरिक द्युमा गरज पडली तर उडी मारायला काठावर तयार. खाली गेल्यावर कुस्तोनं कोलांट्या मारल्या, उलटा झाला, एका बोटावर उभा राहिला. ज्याला विमानात बसू दिलं नाही तो माणूस उडत होता.

आणि मोकळा श्वास मिळाल्यावर या मंडळींनी सगळ्यात आधी काय शोधलं असेल? बुडालेली जहाजं. त्याच वर्षी त्यांनी 'एपाव्ह' नावाची फिल्म केली. एपाव्ह म्हणजे जहाजांचे सांगाडे. युद्धात सिनेमाची रिळं मिळेनात, म्हणून लहान मुलांच्या साध्या कॅमेऱ्याचे शेकडो छोटे रोल आणून एकमेकांना चिकटवले. पडद्यावर लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं की माणूस नळीशिवाय, दोरीशिवाय बुडालेल्या जहाजाच्या डेकवरून तरंगत जातोय.

या धंद्यात माणसंही गेली, हे विसरायला नको. १९४७ मध्ये मोरिस फार्ग हा त्यांच्यातला पट्टीचा पाणबुड्या १२० मीटरपर्यंत गेला आणि तिथेच शुद्ध हरपून मेला. साधी हवा त्या खोलीवर दारूसारखी चढते. नायट्रोजनची ती नशा आजही पाणबुड्यांचे बळी घेते.

१९५० मध्ये गिनेस घराण्यातल्या एका श्रीमंत इंग्रजानं जुनी सुरुंग-शोधक नौका विकत घेऊन कुस्तोला दिली, वर्षाला एक फ्रँक भाड्यानं. युद्धानंतर ती माल्टाजवळ फेरीबोट म्हणून चालायची. तिचं नाव 'कॅलिप्सो'. डिझेलला पैसे नसायचे. सिमोननं दागिने आणि फरचे कोट विकले. १९५४ मध्ये कुस्तोनं इराणच्या आखातात तेल कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणी करून दिली. समुद्राचा कैवारी म्हणून पुढे मिरवलेल्या माणसाच्या बोटीत सुरुवातीला तेलाचाच पैसा होता.

आता त्या जहाजाकडे येऊ.

'एसएस थिसलगॉर्म'. इंग्लंडमधल्या संडरलंडला बांधलेलं, १९४० मध्ये पाण्यात उतरलेलं मालवाहू जहाज. जून १९४१ मध्ये ते ग्लासगोहून इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजेसाठी माल भरून निघालं. भूमध्य समुद्रात शत्रू, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून लाल समुद्रात आलं. पुढे सुएझची वाट अडलेली. सिनाईच्या टोकाजवळ नांगर टाकून ते थांबून राहिलं.

६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री क्रीटहून आलेल्या जर्मन हाइंकेल बॉम्बर विमानांना ते चांदण्यात दिसलं. बॉम्ब पडले ते नेमके दारूगोळा भरलेल्या कप्प्याजवळ. स्फोट एवढा मोठा की डेकवर बांधलेली रेल्वेची इंजिनं उडून समुद्रात पडली. नऊ माणसं गेली, जहाज तीस मीटर खोल वाळूवर बसलं. युद्धाच्या धामधुमीत एक मालवाहू जहाज, कोण लक्षात ठेवणार?

स्थानिक कोळ्यांनी ठेवलं. जाळी कुठे अडकतात, मासे कुठे जास्त मिळतात हे त्यांना माहीत असतंच. १९५५ मध्ये 'कॅलिप्सो' तिथून जात होती, तेव्हा कोळ्यांकडून मिळालेल्या माहितीवरून कुस्तोच्या माणसांनी जागा शोधून काढली.

खाली उतरल्यावर दिसलं ते असं. जहाजाच्या पोटात ओळीनं उभे असलेले बेडफर्ड ट्रक. ट्रकच्या हौद्यात शेजारी शेजारी लावलेल्या बीएसए आणि नॉर्टन मोटारसायकली. रायफली, विमानांचे सुटे भाग, रबरी गमबुटांचे ढीग. बाहेर रेल्वेचे डबे. आणि या सगळ्यावर चौदा वर्षांत समुद्रानं आपला संसार मांडायला घेतला होता.

हे होतं कसं? आजूबाजूचा तळ म्हणजे रेती. प्रवाळाच्या अळीला चिकटायला काहीतरी टणक लागतं, रेतीवर ती टिकत नाही. मोकळ्या वाळवंटात अचानक एक चारमजली इमारत येऊन पडावी तसं ते जहाज. आधी शेवाळ धरतं, मग बार्नकल, शिंपले, स्पंज, मऊ प्रवाळ. फटींत बारके मासे शिरतात, त्यांच्या मागे मोठे येतात. प्रवाहाला उभं राहणारं एवढं मोठं धूड असल्यामुळे वाहत येणारं अन्नही भोवती मिळतं. मुद्दाम बुडवायच्या जहाजातून आधी तेल, ॲस्बेस्टॉस, विषारी रंग काढून टाकतात. इथे तसं कुणी काही केलं नव्हतं. तरी समुद्रानं ते घेतलं.

कुस्तोच्या माणसांनी वर येताना काही वस्तू आणल्या. जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटारसायकल. नऊ माणसं जिथे मेली त्या जागेवरून. तेव्हा यात कुणाला काही गैर वाटलं नाही, आज वाटतं. पण त्यानं एक गोष्ट मात्र केली. जहाजाबद्दल 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये १९५६ ला आलं, फिल्ममध्येही ते दिसलं, पण नेमकी जागा लोकांपुढे आली नाही. त्यामुळे जग त्या जहाजाला पुन्हा विसरलं.

ती फिल्म म्हणजे 'द सायलेंट वर्ल्ड'. सहदिग्दर्शक विशीतला लुई माल. १९५६ मध्ये कान महोत्सवात तिला सर्वोच्च पाम द'ऑर मिळालं. माहितीपटाला ते मिळाल्याची ही पहिलीच वेळ, पुढे त्यासाठी २००४ उजाडावं लागलं. शिवाय ऑस्कर.

आज ही फिल्म बघायला बसलात तर मध्येच थांबवाल. कोणते मासे राहतात हे मोजायला प्रवाळात डायनामाइट लावतात आणि मेलेले मासे गोळा करतात. 'कॅलिप्सो'च्या पंख्यात सापडून देवमाशाचं पिल्लू जखमी होतं, त्याच्या रक्तावर शार्क जमतात, तर चिडलेले खलाशी शार्कना डेकवर ओढून कुऱ्हाडीनं तोडतात. कॅमेरा चालू. लपवायचं काही आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

हाच माणूस पुढे पर्यावरणाचा चेहरा झाला, हे पचवायला जड जातं. तो एका रात्रीत बदलला असंही नाही. १९६० मध्ये फ्रान्सनं किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं तेव्हा कुस्तो विरोधात उभा राहिला आणि लोकांच्या रेट्यापुढे ती योजना बारगळली. त्यानंतरही, १९६३ मध्ये, सुदानजवळच्या शाब रुमी इथे त्यानं समुद्रतळावर घर बांधलं. दहा मीटर खोलीवर पाच माणसं महिनाभर राहिली, सोबत एक पोपट. पैसा पुन्हा बराचसा तेल उद्योगाचा. तेव्हा त्याचं स्वप्न माणसानं समुद्रात वसाहत करायची हे होतं, समुद्राला एकटं सोडायचं नव्हे. माझ्या मते बदल घडवला तो परतीच्या फेऱ्यांनी. तीस वर्षं त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा उतरणारा माणूस दुसरा नव्हता. जिथे पूर्वी माशांची गर्दी होती तिथे ओसाड तळ दिसत गेला, तो त्यालाच दिसला.

१९६८ पासून त्याची टीव्ही मालिका घराघरांत पोहोचली. १९७३ मध्ये 'कुस्तो सोसायटी' निघाली. १९७५ मध्ये ग्रीसजवळ त्यानं 'टायटॅनिक'चं भावंड 'ब्रिटॅनिक' शोधून काढलं. ऐंशीच्या घरात असताना अंटार्क्टिकात खाणी नकोत म्हणून जगभर मोहीम चालवली आणि १९९१ च्या करारानं त्या खाणींवर बंदी आली.

घरी मात्र सगळं मोडत गेलं. धाकटा मुलगा फिलिप हा वारसदार मानला जायचा, बापाला न मिळालेलं विमान तो उडवायचा. २८ जून १९७९ ला लिस्बनजवळ टेगस नदीत त्याचं सी-प्लेन आदळलं आणि तो गेला. वय ३८. सिमोन १९९० मध्ये गेली. 'कॅलिप्सो'वर नवऱ्यापेक्षा जास्त दिवस काढलेली बाई, पण फिल्म्समध्ये शोधावी लागते. पुढच्याच वर्षी कुस्तोनं फ्रान्सिन त्रिप्लेशी लग्न केलं, तेव्हा जगाला कळलं की या दोघांना आधीपासून दोन मुलं आहेत. थोरल्या मुलाशी, जाँ-मिशेलशी, 'कुस्तो' हे आडनाव धंद्यात कुणी वापरायचं यावरून कोर्टबाजी झाली.

आणि जानेवारी १९९६ मध्ये, सिंगापूर बंदरात एक बार्ज येऊन आदळला आणि खुद्द 'कॅलिप्सो' बुडाली. बुडालेल्या जहाजांवर आयुष्य काढलेल्या माणसाची बोट बंदराच्या गढूळ पाण्यात तळाला. काही दिवसांनी तिला वर काढलं, पण ती पुन्हा सफरीवर गेली नाही. २५ जून १९९७ ला कुस्तो पॅरिसमध्ये वारला. त्यानंतर वारसांचे खटले चालू राहिले आणि 'कॅलिप्सो' एका गोदीतून दुसऱ्या गोदीत सडत राहिली.

'थिसलगॉर्म'चं काय झालं? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शर्म अल-शेखला डायव्हिंगचा धंदा वाढला आणि जहाज पुन्हा सापडलं. आज ते जगातल्या सगळ्यात गर्दीच्या डाइव्ह साइट्सपैकी एक आहे. पहाटेपासून बोटी येतात. वर्षानुवर्षं त्यांनी आपले दोर थेट जहाजालाच बांधले, लाटेबरोबर बोट हलली की खालचा पत्रा आणि त्यावरचं प्रवाळ उचकटायचं. पाणबुड्यांनी सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छताखाली अडकून लोखंड आणखी गंजवतात, म्हणून २००७ च्या सुमारास इजिप्तमधल्या एका पर्यावरण संस्थेनं जहाजाला भोकं पाडली आणि बोटी बांधायला वेगळे दोर लावले. ते फार काळ टिकले नाहीत. मोटारसायकलींचे सुटे भागही लोक आठवण म्हणून काढून नेतात. सुरुवात कुणी केली ते वर आलंच आहे.

तिकडे सुदानला, शाब रुमीच्या तळावर, कुस्तोच्या घराचे अवशेष अजून उभे आहेत. त्याच्या छोट्या पाणबुडीसाठी बांधलेलं कांद्याच्या आकाराचं गॅरेज शाबूत आहे. त्याच्या पत्र्यावर प्रवाळ आणि स्पंज चढलेत, दारातून मासे आत-बाहेर करतात आणि टाकी पाठीवर घेऊन आलेले पर्यटक आत डोकावून बघतात.